पीक राखायला ठासणीचीच बंदूक का?

अंबरनाथची आयुधनिर्माणी 1953 ची. लष्कराच्या दारूगोळ्याचं धातूकाम या गावात होतं. इथून बदलापूर ओलांडून बारवी धरणाच्या अंगाला जा. भात पोटरीत आलं की तिथला शेतकरी रात्रभर माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवतो. एका रात्रीत रानडुकरांचा कळप अख्खं खाचर लोळवून जातो.

बंदूक घ्यायची म्हटली, तर 1959 चा शस्त्र कायदा पीकराखणीसाठी ठासणीचीच पुढे करतो. नळीत दारू ओता, बूच घाला, छर्रे टाका, गजाने ठासा, टोपी बसवा आणि मग एकच बार. दवाने दारू सादळली तर तोही नाही. बार झालाच तर धुरापलीकडचं काही दिसत नाही आणि जखमी डुक्कर उलटलं तर पुन्हा ठासायला वेळ कोण देणार? मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीची जाड ढाल असते. पाखरांचे बारीक छर्रे तिथे जखम करतात, जीव घेत नाहीत. ते जनावर मग दिवसचे दिवस कुजत फिरतं. हा क्रूरपणा आहे, आणि तो आपण कायद्याने पोसतोय.

डुकराला बारा बोअर हवी, तिच्यात एकगोळी किंवा एलजीचं, म्हणजे मोठ्या छर्र्यांचं, काडतूस, आणि तेही अगदी जवळून. खडकीच्या कारखान्यात बारा बोअरची काडतुसं बनतात, म्हणजे माल राज्यातच आहे. त्याच कायद्याच्या 13 व्या कलमात सवलतही लिहिलेली आहे: ठासणीची पुरत नाही अशी खात्री पटली, तर परवाना अधिकारी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देऊ शकतात. ठाणे जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांनी ही सवलत वापरावी. खात्री पटायला माळ्यावरची एक रात्र पुरेल.

बंदुका सरसकट वाटा, असं मी म्हणत नाही. जानेवारी 2025 च्या अखेरीस पालघरच्या बोरशेतीच्या जंगलात चोरून पारधीला गेलेल्यांनी आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली आणि प्रेत लपवून ठेवलं. अंधारात हललेल्या झुडपावर बार काढणाऱ्याच्या हाती कुठलीच बंदूक नको.

म्हणून नेमबाज सरकारने द्यावा. रानडुक्कर 2023 पासून दुसऱ्या अनुसूचीत आहे, परवानगीशिवाय त्याला मारणं गुन्हा आहे, आणि परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारच्याच मालकीचं. मालक सरकार, मग नेम धरायची जोखीम एकट्या शेतकऱ्याची कशी? केरळने 2022 मध्ये स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना डुकरं मारायची परवानगी देण्याचे अधिकार दिले आणि यादीतले नेमबाज बोलावण्याची सोय केली. अंबरनाथ आणि मुरबाड तालुक्यांसाठी अशी यादी वनखात्याने भात पोटरीत येण्याआधी लावावी, आणि परवानगीच्या कागदावर बंदूक, काडतूस व नेमबाजाचं नाव अशा तिन्ही गोष्टी लिहाव्यात.