मेंढ्यांचे सर

सरांशी कुठल्याही विषयावर बोला, चहा संपायच्या आत मेंढ्या येतात. महापालिकेचं पाणी, मोबाइलचा टॉवर, पुतणीचं लग्न, वाट कुठलीही धरा, मुक्काम कंब्रियाला. १९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तिथून आलेला किरणोत्सर्ग पावसाबरोबर इंग्लंडच्या त्या डोंगराळ मुलखात उतरला, गवतात सीझियम आलं आणि मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. तीन आठवड्यांत सगळं निवळेल, असं सांगितलं गेलं. शेवटची बंदी उठली २०१२ साली! शास्त्रज्ञांचं गणित चिकणमातीचं होतं. डोंगरावरची जमीन आम्लधर्मी, पीटची. तिथे सीझियम मातीत जखडून राहत नाही, गवतात पुन्हा पुन्हा येतं.

‘‘आणि कुठल्या उतारावर कुठलं गवत, मेंढरं कुठे चरतात, हे ज्यांना ठाऊक, त्या शेतकऱ्यांना कुणी विचारलं?’’

इथे सर थांबतात. आपण मान हलवायची असते. मग ते तृप्त आवाजात म्हणतात, ‘‘ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने!’’

सर विज्ञानसंवादाचे संशोधक. म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्या घरीही नीटसं कळलेलं नाही. शास्त्रज्ञ त्यांना पत्रकार समजतात, पत्रकार प्राध्यापक समजतात आणि सासुरवाडीचा असा समज आहे, की जावईबापू रॉकेट बनवतात, पण बोलायला बंदी आहे. जयंत नारळीकरांनी गोष्टी लिहून, अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी करून विज्ञान लोकांपर्यंत पोचवलं. सर स्वतः काही पोचवत नाहीत. पोचलं का, ते तपासतात.

त्यांना या वाटेला लावलं त्यांच्या आईने. २१ सप्टेंबर १९९५, देशभर गणपती दूध प्यायला तो दिवस. सर तेव्हा भौतिकशास्त्र शिकत होते. आई देवळातून रिकामा चमचा घेऊन आली. सरांनी तिला पाटावर बसवून पृष्ठताण समजावला, दूध मूर्तीवरून पातळ थराने कसं ओघळतं तेही दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘तुझा तो ताण काल नव्हता का रे? मग काल का नाही लागली रांग?’’

त्याला भौतिकशास्त्रात उत्तर नव्हतं. एका दिवसात फोनाफोनी होऊन अख्खा देश चमचा घेऊन का निघतो, हा प्रश्न सरांनी जो धरला तो पीएच.डी.पर्यंत सोडला नाही. प्रबंध इंग्रजीत आहे. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं.

पुरोहिताला लग्नसराई, तसा सरांना फेब्रुवारी. २८ तारखेला विज्ञान दिन. १९२८ साली रामन परिणामाचा शोध लागला तो हा दिवस. सरांचं भाषण ठरलेलं असतं. लोक म्हणजे रिकामे रांजण, वरून ज्ञान ओतलं की शंका बुडून जातील, या कल्पनेला त्यांच्या शास्त्रात ‘डेफिसिट मॉडेल’ म्हणतात आणि सर तिचे हाडवैरी. ‘‘नुसतं व्याख्यान देऊन लोकांचं मत बदलत नाही,’’ हे ते सलग दीड तास, दिवे मालवून, बारीक टायपातल्या स्लाइडी दाखवत सांगतात. मधे कुणी हात वर केला तर म्हणतात, ‘‘प्रश्न शेवटी.’’ शेवटी चहा असतो.

परवा सोसायटीच्या सभेत खतखड्ड्याचा विषय निघाला. ओल्या कचऱ्याला असा वास, की तळमजल्यावाले खिडकी उघडेनात. चिटणिसांचं मत, लोकांत जागृती नाही. सरांनी प्रोजेक्टर आणला. कर्ब, नत्र, जिवाणू, सगळं झालं. मेंढ्याही आल्या. झाडलोट करणाऱ्या मावशी दाराशी खराटा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘खड्डा गच्चीच्या पायपाखाली खणलाय. पावसाचं समदं पाणी त्यात पडतंय. सडंल न्हाई तर काय?’’

सभा गप्प. वास्तविक मावशी रोज तो खड्डा ढवळतात, पण त्यांना विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सर शरमतील असं मला वाटलं होतं. छे! माणूस आनंदाने उभा राहिला. आयुष्यभर कंब्रियाची कथा सांगितली आणि कंब्रिया आज तळमजल्यावर अवतरला होता! मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करत ते मावशींकडे धावले. ‘‘मावशी, वय? शिक्षण? हे ज्ञान आपल्याला परंपरेने मिळालं की अनुभवातून? आणि या संमतीपत्रावर सही लागेल.’’

मावशींनी कागद उलटसुलट करून पाहिला. ‘‘आधी पायप हलवा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग करते सही.’’

सरांनी वहीत नोंद केली : ‘उत्तरदात्याने सहभागास नकार दिला.’