संयुक्त झारी

दोन देशांच्या सैन्यांचा संयुक्त सराव संपला की हल्ली एक रोप लावतात. फोटो तुम्ही पाहिलेला असतोच. दोन सेनापती, मध्ये कडुनिंबाचं वीतभर रोप आणि एकच झारी. झारी दोघांनी मिळून धरायची, कारण एकट्याने धरली तर ते बागकाम होतं, दोघांनी धरली की सामरिक भागीदारी.

मी ती झारी फार न्याहाळून बघतो. मुठीला यजमानाचा हात, बुडाला पाहुण्याचा. दोघंही कॅमेऱ्याकडे बघत असतात, त्यामुळे पाणी रोपाऐवजी शेजारच्या जवानाच्या बुटावर पडतं. तो हलत नाही. शिस्त! मागे 'हरित मैत्री'चा फलक आणि वरून सलामीची विमानं. त्यातलं एक लढाऊ विमान तासाभरात तीनेक हजार लिटर इंधन सहज पितं. लिटरमागे अडीच किलो धरा, साडेसात टन कार्बन डायऑक्साइड झाला. वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो शोषतं. म्हणजे त्या एका तासाची फेड करायला या रोपाला पावणेचारशे वर्षं नोकरी करावी लागणार, तीही पहिल्याच आठवड्यात शेळीने खाल्लं नाही तर. शेळीने खाल्लं तरी बिघडत नाही. पुढच्या सरावाला खड्डा आयता मिळतो.

पण शुक्राचार्य या झारीत नाही, कागदात बसलाय. १९९७ साली क्योटोत जगाने धुराचा हिशोब मांडला, तेव्हाच ठरलं की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार चाललेल्या बहुराष्ट्रीय मोहिमांचा धूर कुठल्याच देशाच्या बेरजेत धरायचा नाही. तो वेगळा लिहून ठेवायचा. २०१५च्या पॅरिस करारानंतरही लष्करी धुराचा वेगळा हिशोब देणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. एकट्याने केलं तर प्रदूषण, चौघांनी मिळून केलं तर तळटीप! मैत्रीचा याहून मोठा फायदा कुणी सांगावा?

आणि इकडे माझी पंधरा वर्षांची स्कूटर. तिची पीयूसी चार दिवसांपूर्वी संपली, तर चौकातल्या मामांनी असा चेहरा केला की जणू हिमनद्या मीच वितळवल्या. हे चीड आणणारं आहे. रणगाड्याला पीयूसी कुणी मागत नाही, युद्धनौकेला कुणी बाजूला घेत नाही, आणि दळण आणायला निघालेल्या माणसाला मात्र पृथ्वी वाचवायची असते! मी म्हटलं, ठीक आहे, आपणही आघाडी करू. शेजारच्या जोशींना मागे बसवलं, त्यांच्या हातात तुळशीची कुंडी दिली आणि मामांना सांगितलं, ही बहुफ्लॅटीय मोहीम आहे, हिचा धूर कुणाच्याच खात्यावर पडत नाही.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोघांची हेल्मेटं कुठायत?"