अनुभव मिळाला, अभिनंदन!

पुण्यात सदाशिव पेठ ते शास्त्री रस्ता या स्पर्धा परीक्षावाल्यांच्या पट्ट्यात अपयशाला फार मान आहे. पूर्वपरीक्षेत पडलात? अनुभव मिळाला! मुख्य परीक्षेत पडलात तर मोठा अनुभव. आणि मुलाखतीपर्यंत जाऊन राहिलात, तर थेट पुढच्या बॅचला शिकवायला उभे. अपयशातून शिकण्याची याहून चोख सोय कुठे असेल?

‘तब्येत सांभाळा, झोप पूर्ण घ्या,’ असंही हल्ली व्याख्यानांत सांगतात. व्याख्यान सकाळी सहाला असतं. अभ्यासिका चोवीस तास उघडी, खोली कॉट बेसिसवर, आणि मेसचं वरण इतकं पारदर्शक की लोकसेवा आयोगानं धडा घ्यावा. त्यात राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक. म्हणजे पर्यायांपुढचे गोळे काळे करण्यात मिळवलेलं कौशल्य गेलं वाया. असो, खुल्या गटाला 38 व्या वर्षापर्यंत अनुभव घ्यायची मुभा आहेच.

उत्तीर्ण झालेला एकच उमेदवार चार क्लासांच्या फ्लेक्सवर हसतो. नापास झालेला मात्र कुणाचाच विद्यार्थी नसतो. तेव्हा पोरांनो, वेळेवर जेवा, झोपा, आणि दुसरी बरी नोकरी मिळत असेल तर खुशाल धरा. क्लासवाल्यांचं तुमच्यावाचून काही अडत नाही.