विषाणूनं सोडलं, तुम्ही धरलं

भाऊ,

तुमचं नाव या पत्रात नाही. गावाचंही नाही. धारूर तालुक्यात घाटाच्या वर-खाली पुष्कळ गावं आहेत, त्यातलं एक. आडनाव, गल्ली, पोरीची शाळा, काहीच लिहीत नाही. तुम्ही मात्र तुमच्या भावजयीचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव आणि आजाराचं नाव, तिन्ही एका कप चहात सांगून मोकळे झालात. हे पत्र मी तिला विचारून लिहितेय. तुम्ही तिला विचारलं नव्हतं.

तुमची कामगिरी मोठी आहे. किती मोठी, ते तुम्हाला कळावं म्हणून थोडं मागून सांगते.

एचआयव्हीचा विषाणू १९८३ साली पॅरिसमध्ये सापडला. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन यांच्या चमूनं भारतातले पहिले बाधित शोधले. तेव्हा हातात औषध नव्हतं. १९९६ साली तीन औषधं एकत्र दिली की विषाणू दबतो हे सिद्ध झालं, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ साली मुंबईच्या सिप्लानं तेच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारनं ते फुकट द्यायला सुरुवात केली. आज अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जी गोळी मिळते तिला टीएलडी म्हणतात. तीन औषधं, एक गोळी, दिवसातून एकदा. एवढ्यासाठी जगभरातल्या माणसांनी आयुष्यं घातली.

तुमच्या चुलत भावाच्या घरात हे सगळं नीट पोचलं होतं. तुमची भावजय गरोदर होती तेव्हा, २०१४ साली, तपासणीत निदान झालं. तिच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. पोर झाली, तिला सहा आठवडे नेविरापिनचं औषध पाजलं, इवल्याशा टाचेला सुई टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतले. अठराव्या महिन्यात शेवटची तपासणी झाली आणि पोर निरोगी निघाली. आईच्या अंगात विषाणू असताना लेकरू मोकळं सुटलं. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिनं अंबाबाईला नारळ फोडला असता.

नवऱ्याच्या गोळ्या २०१७ नंतर सुरू झाल्या, रक्तातल्या सीडी-फोर पेशींचा आकडा कितीही असो, निदान झालं की औषध द्यायचं, हा नियम आला तेव्हा. मग व्हायरल लोडची तपासणी झाली. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत ते यंत्र मोजतं. त्याच्या कागदावर इंग्रजीत तीन शब्द होते: टार्गेट नॉट डिटेक्टेड. शोधूनही सापडला नाही. रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी त्याला समजावलं, की असा रिपोर्ट टिकला तर तुझ्यापासून शरीरसंबंधातून कुणालाही लागण होत नाही. हे त्यांनी मनानं सांगितलेलं नव्हतं. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर मोठा अभ्यास झाला, त्यात आपल्या पुण्याच्या भोसरीतली एड्स संशोधन संस्थाही होती. २०११ साली निकाल आला: लवकर औषध दिलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. पुढं युरोपातल्या पार्टनर अभ्यासात विषाणू दबलेल्या माणसापासून जोडीदाराला झालेली एकही लागण सापडली नाही. एकही नाही, भाऊ.

आणि मग तुम्ही गुडघा दाखवायला अंबाजोगाईला आलात.

तुम्ही त्या दोघांना रांगेत पाहिलंत. हातातलं उपचारांचं हिरवं पुस्तक पाहिलंत. प्रयोगशाळेतून रिपोर्ट यायला दिवस लागतात, तुमचा रिपोर्ट धारूरच्या स्टँडवर उतरता उतरता तयार होता. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी कारखान्यावर गेली, तर तुमचा शब्द त्यांच्या आधी फडात पोचलेला. मुकादमानं जोडप्याला टोळीतून काढलं, वर उचल परत मागितली. कोपीशेजारच्या बायांनी पाण्याचा हंडा वेगळा ठेवायला सांगितला. एका कोयत्याचं एका हंगामाचं पोट तुम्ही दोन वाक्यांत मारलंत. त्या रात्री त्यानं गोळ्यांची बाटली पाचटात भिरकावली. बायकोला म्हणाला, या बाटलीमुळंच कळतं लोकांना.

गोळी बंद झाली की काय होतं, हे तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगते. हा विषाणू रक्तातून जातो, पण शरीरातल्या काही पेशींत तो निजून राहतो. निजलेल्या विषाणूवर गोळी चालत नाही. म्हणूनच ती जन्मभर घ्यायची असते. ती थांबली की काही आठवड्यांत तो उठतो, अंगाची राखण करणाऱ्या सीडी-फोर पेशी मारत सुटतो आणि मग क्षयासारखा आजार आयता घरात शिरतो. तुमच्या भावाला क्षयानं नेलं. तिरडीला खांदा द्यायला चार माणसं जमवताना माझ्या भावाची दमछाक झाली. तुम्ही आला नाहीत. तुम्हाला लागण व्हायची भीती होती.

खांदा दिल्यानं एचआयव्ही होत नाही. एका ताटात जेवल्यानं होत नाही, हंड्याला हात लावल्यानं होत नाही, त्या पोरीशेजारी बाकावर बसल्यानं तर नाहीच, ती तर निरोगी आहे. तरी तुम्ही शाळेत जाऊन दोन पालकांचे कान भरलेत. घरात त्या मायलेकींची ताटं वेगळी केलीत आणि वर दीड एकरावर डोळा ठेवलात. विधवेला घरातून काढलं की वाटणी सोपी होते, हे गणित मात्र तुम्हाला बरोबर येतं.

एक कायदा आहे, २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. एचआयव्ही असलेल्या बाईला राहत्या घरातून काढता येत नाही, असं त्यात लिहिलंय. अशा माणसांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तिनं अजून तक्रार केलेली नाही. कागद माझ्याकडं आहे.

मी तिच्याबरोबर दोनदा अंबाजोगाईला गेले. बाटली मिळाली की ती काय करते ते सांगते. आधी थुंकीनं अंगठा ओला करून बाटलीवरचं लेबल खरवडते. मग पिशवीतून कापसाचा बोळा काढून गोळ्यांच्या वर दाबून बसवते. एसटी केजच्या रस्त्यावर आदळते तेव्हा गोळ्या वाजू नयेत म्हणून. घरी ती बाटली तांदळाच्या डब्यात खाली जाते. रात्री पोर झोपली की ती चाचपून गोळी काढते, दिवा न लावता. ज्या औषधानं तिचं लेकरू वाचलं, ते तिला चोरासारखं खावं लागतं. मला याची लाज वाटते. तुम्हाला वाटायला हवी होती.

पुढचं ऐका. वर्षातून दोनदा घ्यायची एक सुई आली आहे, लेनाकापाविर नावाची. ज्यांना लागण झालेली नाही, त्यांना होऊ नये म्हणून. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ तरुण मुलींना ती दिली आणि २०२४ साली निकाल आला तेव्हा त्यातल्या एकीलाही लागण झालेली नव्हती. जून २०२५ मध्ये अमेरिकेनं तिला मान्यता दिली, पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली. हैदराबादच्या दोन कंपन्यांनी २०२७ पासून ती वर्षाला ४० डॉलरमध्ये देण्याचं जाहीर केलंय. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसासाठी यापेक्षा सोयीचं काय असणार? एक सुई टोळी निघण्याआधी, दुसरी परत आल्यावर. ना बाटली, ना कापूस. पण ती घ्यायला धारूरच्या दवाखान्याची पायरी चढावी लागेल आणि समोरच्या टपरीवर तुम्ही बसलेले असाल. मग कोण चढणार?

याच जिल्ह्यात, बीडजवळ पालीला, दत्ता आणि संध्या बारगजे हे जोडपं एचआयव्ही असलेली मुलं पोटच्या लेकरांसारखी वाढवतंय. त्यांच्या इन्फंट इंडिया या संस्थेत एकदा जाऊन या. एसटी जाते. तिथं मुलांबरोबर एका पंगतीत जेवून या, मग चहाला काय सांगायचं ते सांगा.

तिचा या वेळचा रिपोर्ट आलाय. टार्गेट नॉट डिटेक्टेड. तुमच्या सगळ्या मेहनतीनंतरही.

माझं एकच मागणं आहे. ज्या ज्या माणसाला तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, त्या प्रत्येकाकडं जा आणि सांगा की मला काही माहीत नव्हतं. स्टँडपासून सुरुवात करा, मग शाळा, मग मुकादमाचं घर.

आणि तुमचा थोरला आता टोळीबरोबर जातो. त्याला आणि तुमच्या सुनेला सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. तपासणी फुकट आहे. भीती वाटली तर आधी १०९७ वर फोन करा, त्यालाही पैसे पडत नाहीत. दवाखान्यातल्या समुपदेशक बाई दार लावून बोलतात. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात देतात आणि कुणालाही सांगत नाहीत.