काठावर पास

निवडून आलेल्याला हार घालायचा की हिशेब मागायचा, हे मताधिक्यावर ठरतं. २००० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडातल्या सुमारे ६० लाख मतांत जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे राहिले. मोजणारे बिचारे एकेक मतपत्रिका उजेडासमोर धरून, भिंग लावून बघत बसले: मताचं भोक आरपार पडलंय, की कागदाचा कपटा अजून लोंबतोय? मतदाराच्या मनात काय होतं, ते आता त्या कपट्याने सांगायचं! शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेरमोजणी थांबवली. म्हणजे खरं मताधिक्य एकाचंच. देशभरात प्रतिस्पर्धी अल गोर यांना ५ लाखांहून जास्त मतं अधिक होती. पण तिथे हिशेब राज्यवार, आणि ती भलत्याच राज्यांत पडली, त्याला कोण काय करणार?

विरोधक बुश यांना ‘निवडलेले नव्हे, नेमलेले’ म्हणत राहिले. २००४ साली तेच ३० लाखांच्या फरकाने आले, तेव्हा कुठे कुरबुर ओसरली. कायद्याला एक मत पुरतं. लोकांना लाखांशिवाय पटत नाही. बुश मात्र कशाला थांबतात? २००१ मध्येच त्यांनी भलीमोठी करकपात करून टाकली. काठावर पास झालेल्याची सही काही फिकट उमटत नाही.