ईआरपी निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

मालक, स्टोअरकीपर आणि अकाउंटंट या तिघांकडे स्टॉकचे तीन वेगळे आकडे असतील आणि तिघेही आपापल्या आकड्यावर ठाम असतील, तर कारखान्याला ईआरपीची वेळ आली असे समजावे. एमआयडीसी १९६२ साली निघाली, तिची पहिली वसाहत ठाण्याची वागळे इस्टेट. तिथपासून डोंबिवली फेज दोन आणि पुढे अंबरनाथपर्यंत हे लक्षण सर्वत्र आढळते.

प्रथम समिती नेमावी. तीत मालक, मालकाचा नुकताच एमबीए झालेला मुलगा आणि सीए असावेत. स्टोअरकीपरला घेऊ नये. कुठला माल कुठे पडलाय हे त्याला ठाऊक असते, त्यामुळे चर्चा उगाच लवकर संपते.

मग डेमो मागवावा. डेमोवाला बीकेसीहून निघतो, शिळफाट्याला अडकतो आणि बरोबर जेवणाच्या सुट्टीत पोचतो. त्याच्या लॅपटॉपमध्ये एबीसी इंडस्ट्रीज नावाची कंपनी असते. तिथे माल वेळेवर येतो, रिजेक्शन शून्य असते आणि गिऱ्हाईक पंचेचाळीस दिवसांत पैसे देते. हे पाहून मालकाचे डोळे भरून येतात. सह्या बहुधा याच क्षणी होतात.

सही थोडी लांबवायची असेल तर एक विचारावे. पंचवीस एमएमचा राउंड बार आपण किलोवर घेतो, मिलिमीटरमध्ये कापतो, नगावर विकतो आणि लेथखालचा चुरा पुन्हा किलोवर भंगारवाल्याला देतो. हा मेळ दाखवा. स्टोअरकीपरला ‘व्यासाचा वर्ग भागिले १६२’ पाठ असते, मीटरला ३.८६ किलो हे तो कॅल्क्युलेटरला हात न लावता सांगतो. डेमोवाला म्हणतो, ‘कस्टमायझेशनमध्ये होऊन जाईल, सर.’ कस्टमायझेशन ही ईआरपीमधली सर्वांत महाग वस्तू. कोटेशनमध्ये ती सहसा नसते.

दुसरा प्रश्न जॉबवर्कचा. प्लेटिंगला ५०० नग गेले; ४८० चांगले आले, १२ रिजेक्ट, उरलेले आठ ‘पुढच्या टेम्पोत’. जॉबवर्कला गेलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटी कायदा तो पाठवला त्याच दिवशी विकला असे धरतो. तो पुढचा टेम्पो सॉफ्टवेअरच्या लक्षात राहतो का, एवढे पाहावे. हाताने लिहिलेल्या चलन बुकात तो नक्की सापडतो.

घराणे पाहायचे असेल तर पाहावे. एसएपी हे १९७२ सालचे जर्मन घराणे. ते आपल्या सवयी मोडत नाही, तुमच्या मोडते. ईआरपीनेक्स्ट मुंबईचे, ओपन सोर्स. लायसन्स फुकट म्हटल्यावर मालक खुलतो. बसवणारा माणूस फुकट नसतो हे दुसऱ्या बिलात कळते. टॅली १९८६ पासून आहे आणि जात नाही. कोणतेही ईआरपी घ्या, अकाउंटंट ‘सेफ्टीसाठी’ तीच एन्ट्री टॅलीत पुन्हा करतो.

प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांनी एक गोष्ट डेमोवाल्याला सर्वांसमोर विचारू नये: मागच्या तारखेची एन्ट्री गुपचूप बदलता येते का? १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे सक्तीचे आहे आणि ती बंद करण्याची सोय असता कामा नये. हे ऐकून बऱ्याच समित्यांचा उत्साह मावळतो.

आता सर्वांत कंटाळवाणे काम, म्हणून ते सर्वांत ज्युनियर पोराकडे सोपवतात: आयटम मास्टर. ‘बोल्ट एम८’, ‘८ एमएम बोल्ट’, ‘बोल्ट ८ हेक्स’ आणि ‘बोल्ट छोटा (निळा डबा)’ हे चारही एकच असतात. पोरगा चारही भरतो. सॉफ्टवेअर मग तीन बोल्ट संपल्याचे कळवते, परचेसवाला ऑर्डर देतो आणि निळा डबा काठोकाठ भरलेलाच राहतो. खरे सांगायचे तर बहुतेक ईआरपी इथेच बुडतात, आणि त्यात सॉफ्टवेअरचा काडीचा दोष नसतो.

तेव्हा डेमोच्या दिवशी लॅपटॉप कॉन्फरन्स रूममधून उचलून स्टोअरमध्ये न्या. स्टोअरकीपरला बसवून त्या आठ नगांचे चलन त्याच्याच हाताने करायला सांगा. जमले तर घ्या. नाही जमले तर चलन बुक छापणारा अजून धंद्यात आहे.