वाजे येथील सर्परावांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. सर्पराव,
मु. वाजे, ता. पनवेल, जि. रायगड यांस,

साष्टांग नमस्कार. (आपल्याला अंग एकच, तेव्हा उलट नमस्काराची अपेक्षा नाही.)

पत्रास कारण की, 26 डिसेंबर 2021 च्या पहाटे आपण आमच्या तालुक्यात जे करून दाखवलंत, ते मुंबई आणि जोधपूर या दोन शहरांतल्या सरकारी वकिलांना वीस वर्षांत जमलेलं नव्हतं. आपण श्री. सलमान खान यांना त्यांच्याच फार्महाऊसवर गाठलंत आणि एकदा नव्हे, तीनदा डसलात. ना समन्स, ना नोटीस, ना पुढची तारीख.

पुढे काय झालं ते आपल्याला बहुधा कळलं नसेल. साहेबांना कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात नेलं. इंजेक्शन झालं, काही तास देखरेखीखाली ठेवलं आणि सकाळी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा छप्पन्नावा वाढदिवस होता. फाटकाबाहेर कॅमेरे लागले होतेच. त्यांनी स्वतःच सगळी हकिगत सांगितली : आपण खोलीत शिरलात, त्यांनी आपल्याला काठीवर उचललं, आपण सरकत सरकत हातापर्यंत पोचलात, वगैरे. आता गंमत पाहा. बातम्यांत आलं की आपण बिनविषारी. साहेब म्हणाले, विषारी जातीचाच होता. म्हणजे तीन चाव्यांच्या इतक्या सरळ प्रकरणातही पहिल्याच दिवशी दोन जबाब! तेव्हाच माझ्या मनात आलं, हा खटला उभा राहिला असता तरी टिकला नसता.

आपल्याला मात्र कोणी मारलं नाही. सोडून दिलं. याचं श्रेय मी साहेबांना मोकळ्या मनाने देतो, कारण आमच्याकडे एरवी लांबडं दिसलं की आधी काठी येते आणि सर्पमित्र मागाहून. तर एकूण हिशेब असा की डसणाराही सुटला आणि ज्याला डसलं तोही सुखरूप. वन्यजीवांशी साहेबांचा संबंध आला आणि दोन्ही बाजू जिवंत राहिल्या, असं दरवेळी घडलेलं नाही म्हणून हे नमूद करतो.

कांकाणीचं प्रकरण आपल्या कानावर असेल, आपल्याला कान नसले तरी. ऑक्टोबर 1998. जोधपूरजवळ ‘हम साथ साथ हैं’चं चित्रीकरण चालू होतं. रात्री दोन काळविटं मारली गेली आणि बिश्नोई गावकऱ्यांनी तक्रार दिली. ज्या 1972 च्या कायद्याचं छत्र आपल्या जमातीच्या डोक्यावर आहे, तोच हा वन्यजीव संरक्षण कायदा. निकाल लागला 5 एप्रिल 2018 रोजी : पाच वर्षं कैद, दहा हजार दंड. बरोबरचे कलाकार संशयाचा फायदा मिळून सुटले. साहेब जोधपूरच्या तुरुंगात 106 क्रमांकाचे कैदी झाले, तिथे दोन रात्री राहिले आणि 7 एप्रिलला जामिनावर बाहेर आले. शिक्षेविरुद्ध अपील झालं. काळवीट जंगलात दहा-पंधरा वर्षं जगतं. त्याचा खटला त्याच्याहून दीर्घायुषी निघाला. चिंकाराच्या दोन प्रकरणांत तर 2006 मध्ये शिक्षा झाल्या होत्या, त्या राजस्थान उच्च न्यायालयाने 2016 मध्ये रद्द केल्या.

आपला चावा आणि आमचा कायदा यांचं गोत्र एकच असावं, असा मला संशय आहे. दात लागतात, रक्त येतं, माणसं जमतात, वाहिन्या रात्रभर जाग्या राहतात. सकाळी माणूस घरी. विष तेवढं नसतं.

आता मुंबईचं प्रकरण. 28 सप्टेंबर 2002, वेळ पहाटेचीच. वांद्र्याच्या हिल रोडवर अमेरिकन एक्स्प्रेस लाँड्रीजवळ एक लँड क्रूझर फुटपाथवर चढली. तिथे एका बेकरीचे कामगार झोपले होते. एक जण मेला, चार जखमी झाले. साहेबांना अटक झाली, दोन-अडीच आठवडे ते कोठडीत होते, हे सांगायलाच हवं. मग वाद सुरू झाला तो कलमाचा. निष्काळजीपणाने मृत्यू म्हणायचं, ज्याला तेव्हा जास्तीत जास्त दोन वर्षं होती, की सदोष मनुष्यवध म्हणायचं, ज्याला दहा वर्षांपर्यंत? या एका प्रश्नावर प्रकरण खालच्या कोर्टातून वरच्या आणि वरच्यातून खालच्या कोर्टात इतकं फिरलं, की अखेर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवून सत्र न्यायालयात खटला नव्याने सुरू झाला तेव्हा 2014 साल उजाडलं होतं. सर्पराव, बारा वर्षांत आपण किती वेळा कात टाकता?

आणि 6 मे 2015. तो दिवस मला अजून आठवतो, कारण त्या दिवशी पनवेलमध्ये कोणी कामच करत नव्हतं. प्रत्येक दुकानातला टीव्ही चालू. सत्र न्यायाधीश देशपांडे यांनी सरकार पक्षाचे सत्तावीस साक्षीदार तपासून निकाल दिला होता : दोषी, पाच वर्षं. बचावाचा साक्षीदार एकच, घरचा ड्रायव्हर. गाडी मी चालवत होतो, असं त्याने अपघातानंतर तेराव्या वर्षी कोर्टात येऊन सांगितलं होतं. न्यायाधीशांना ते पटलं नव्हतं. दुपारी शिक्षा झाली आणि संध्याकाळपर्यंत उच्च न्यायालयातून दोन दिवसांचा जामीन मिळाला, कारण निकालपत्राची पूर्ण प्रत आरोपीच्या हाती पडली नव्हती. वकील म्हणून उभे होते हरीश साळवे. 8 मे रोजी शिक्षेलाच स्थगिती मिळाली. 10 डिसेंबरला उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं : साहेब दारू पिऊन गाडी चालवत होते, हे सरकार पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आलं नाही.

निर्दोष म्हणजे निर्दोष. मी न्यायालयाचा अवमान करणार नाही, माझ्याकडे साळवे नाहीत. शिवाय प्रत न मिळाल्याच्या कारणावरून जामीन मागणं हा प्रत्येक आरोपीचा हक्क आहे, हेही खरं. फक्त तो हक्क संध्याकाळच्या आत बजावून घेता येतो, हे देशातल्या बाकीच्या आरोपींना त्या दिवशी टीव्हीवर कळलं.

आपल्याच तालुक्यात तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. कधी सरपटत गेला असाल. देशभरच्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचाच आहे असे. तळोजातही असे पुष्कळ. आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी त्यांतलेच. वय 84, हाताला पार्किन्सनचा कंप, पेला धरता येत नव्हता. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. वैद्यकीय जामिनाची वाट पाहत 5 जुलै 2021 रोजी ते वांद्र्याच्या रुग्णालयात वारले. आपण साहेबांना डसलात त्याच वर्षी. कायदा वेगळा होता, कलमं फार कडक होती, सगळं मान्य. पण तालुका एक, आणि एकाला जामिनासाठी एक दुपार लागते तर दुसऱ्याला आयुष्य पुरत नाही, एवढं तरी आम्ही पनवेलकरांनी नोंदवून ठेवायला काय हरकत आहे?

रवींद्र पाटील हे नाव आपल्याला सांगतो. मुंबई पोलिसांतला शिपाई. साहेबांना अंडरवर्ल्डची धमकी होती म्हणून संरक्षणाला दिलेला. त्या रात्री तो गाडीत होता आणि पोलीस ठाण्यात फिर्याद त्यानेच दिली. साहेब गाडी चालवत होते, असं म्हणणारा मुख्य साक्षीदार हाच. पुढे तो तारखांना गैरहजर राहू लागला, वॉरंट निघालं, अटक झाली, तुरुंगात गेला. नोकरी गेली. 4 ऑक्टोबर 2007 रोजी शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात तो मेला. तिशीतला माणूस. साहेबांची ‘बीइंग ह्युमन’ संस्था त्याच वर्षी स्थापन झाली. हा निव्वळ योगायोग आहे आणि मी तो योगायोग म्हणूनच लिहितो आहे.

उच्च न्यायालयाने पाटीलचा जबाब पूर्ण विश्वासार्ह मानला नाही. पहिल्या फिर्यादीत दारूचा उल्लेख नव्हता, तो मागाहून आला, हे त्याचं एक कारण. आणि नव्या खटल्यात त्याची उलटतपासणी घ्यायला तो जिवंतच नव्हता. इथे मला न्यायाधीशांपेक्षा पंचांग दोषी वाटतं. खटला पाच वर्षांत संपला असता, तर साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला असता, खरा ठरला असता किंवा खोटा. महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला 2017 चा. पाटीलच्या मृत्यूला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

हल्ली मी कोणी लाच दिली, कोणी फोन केला, असल्या गप्पांत फारसा पडत नाही. त्याची गरजच लागत नाही. नामवंत माणूस सुटतो तो वेळेमुळे. त्याला थांबणं परवडतं. फुटपाथवर झोपणाऱ्याला, शिपायाला, कांकाणीच्या साक्षीदाराला ते परवडत नाही. वकील दर तारखेला उभा करण्याची ऐपत हीच खरी ढाल, आणि ती पूर्णपणे कायदेशीर आहे. पुण्यात 2024 च्या मे महिन्यात कल्याणीनगरला पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं, तेव्हा बिल्डरच्या अल्पवयीन मुलाला जामिनाच्या अटीत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. लोक भडकले म्हणून तो आदेश बदलला. लोक भडकतील अशी प्रत्येकाची पुण्याई नसते. आणि ज्याच्या बाजूने लोक भडकतात, त्याचं तर विचारूच नका.

तेव्हा आता आमच्याबद्दल. 6 मे 2015 ला शिक्षा झाली आणि 17 जुलैला ‘बजरंगी भाईजान’ आला. देशात तीनशे कोटींच्या वर कमाई केली, राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. ती तिकिटं सर्पांनी काढली नव्हती. शिक्षेच्या दिवशी अभिजीत नावाच्या गायकाने रस्त्यावर झोपणाऱ्यांची तुलना कुत्र्याशी केली, तेव्हा आम्ही त्याला शिव्या घातल्या आणि घरी येऊन, ‘पण खरंच, फुटपाथ काय झोपायची जागा आहे का?’ असं एकमेकांना विचारलं. टाळेबंदीत साहेब आपल्या वाजेला अडकले होते. जुलै 2020 मध्ये त्यांनी अंगभर चिखल माखलेला फोटो टाकून शेतकऱ्यांना मान दिला, तर आमच्यातले निम्मे म्हणाले चिखल खोटा आहे आणि निम्मे म्हणाले भाई जमिनीवरचा माणूस आहे. त्या चिखलात बारमाही उभ्या राहणाऱ्या नेऱ्या-वाज्याच्या बाईचा फोटो कोणी मागितला नाही.

आपल्याला एकच विनंती, तीही त्या बाईसाठी. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं मरतात असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक शेतात राबणारी. आमच्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू आणि साप यांच्या विषाशी झुंजण्यात हयात घालवली. आपले विषारी भाऊबंद लावणीच्या दिवसांत कातकरीवाडीतल्या माणसाला डसतात तेव्हा गाडी मिळेपर्यंत पहाट होते, आणि फाटकाबाहेर कॅमेरा नसतो. तेव्हा त्यांना सांगा, बांधावरून जरा बाजूला व्हा. साहेबांच्या वाटेलाही आपण पुन्हा जाऊ नये. आता तिथे पोलीस बंदोबस्त आहे, आणि दुसऱ्यांदा आपल्याला संशयाचा फायदा मिळेल याची खात्री मी देऊ शकत नाही.

आपला,
एक पनवेलकर

ता. क. 28 सप्टेंबर 2002 रोजी हिल रोडच्या फुटपाथवर मेलेल्या माणसाच्या मृत्यूबद्दल कोणाचीही शिक्षा टिकलेली नाही. गाडी मात्र आपोआप चालत नव्हती, यावर दोन्ही बाजूंच्या वकिलांचं एकमत आहे.